मी काय बघते, का बघते : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नात्यातले, शेजारचे, ऑफिसातले, सगळे मला "काय बघू?" असं विचारत असतात. कुणाला रविवारची दुपार काढायची असते, कुणाची परदेशातली नातवंडं सुट्टीत येणार असतात, कुणाला एखाद्या सिनेमावरून माझ्याशी वाद घालायचा असतो. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून काढली. ही माझी मतं आहेत आणि ती मी पुरेशी तपासून घेतलेली आहेत.

एखादा सिनेमा चांगला, हे तुम्ही कशावरून ठरवता?

पडद्यावरचा माणूस पोट कसं भरतो, हे मी आधी बघते. तो काय काम करतो, घरी किती वाजता येतो, आल्यावर हातपाय कुठे धुतो. एवढं दिसलं की पुढच्या प्रेमावर, भांडणावर, मरणावर माझा विश्वास बसतो. नाही दिसलं तर कितीही रडारड होऊ दे, मी कोरडीच राहते.

ही सवय घरची. मी इचलकरंजीची. वडील, म्हणजे आण्णा, कापड विणायच्या मागावर कामाला होते, आई सुताच्या कांड्या भरायची. आण्णांची रात्रपाळी असली की दिवसा घरात सगळे दबक्या आवाजात बोलायचो. टीव्ही लागला की आई नट्यांच्या चेहऱ्याकडे बघायचीच नाही, हातांकडे बघायची. मालिकेतली सून भाकरी थापायला बसली की आई पुढे सरकायची. पीठ मळताना तळव्याचा जोर लावते की नुसती बोटं फिरवते, परातीत खाली पीठ किती भुरभुरते, तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवते का. दोन मिनिटांत निकाल लागायचा. "हिनं जन्मात भाकरी केली नाही," असं म्हणून ती उठून भांडी घासायला जायची. मी आजही तिच्याच नजरेनं बघते.

मराठी सिनेमा कधीच न बघितलेल्या माणसाला पहिला कुठला दाखवावा?

'श्वास'. संदीप सावंत यांचा, 2004 सालचा. कोकणातला आजोबा नातवाला घेऊन शहरातल्या मोठ्या दवाखान्यात येतो. पोराच्या डोळ्यांत कर्करोग आहे, जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागणार. गोष्ट एवढीच. 1953 सालच्या 'श्यामची आई'नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला हा पहिला मराठी सिनेमा, मधे पन्नास वर्षं गेली, हे सगळे सांगतात. मी वेगळ्या कारणासाठी दाखवते.

दवाखान्यात खेडेगावच्या माणसाची जी अवस्था होते ती इतकी खरी मी दुसऱ्या कुठल्याही सिनेमात बघितलेली नाही. कुठल्या खिडकीवर जायचं, कुठला कागद कुणाला द्यायचा, डॉक्टर इंग्रजीत काय बोलून गेले ते कुणाला विचारायचं. आजोबा झालेले अरुण नलावडे बाकावर ज्या पद्धतीनं बसतात ते बघा. पिशवी मांडीवर, पाठ टेकवलेली नाही, नजर दारावर. कुणीही हाक मारली तर लगेच उठता यावं असं ते बसणं आहे. आण्णांना आम्ही मोठ्या दवाखान्यात नेलं होतं तेव्हा ते अगदी असेच बसले होते. आणि डॉक्टर अडून बसतो, की पोराला सांगितल्याशिवाय मी हात लावणार नाही. तो आग्रह मला फार मोठा वाटतो. लहान पोराला काय कळतंय, असं म्हणून आपण किती गोष्टी त्यांच्या डोक्यावरून परस्पर ठरवतो.

'कोर्ट' फार संथ आहे, अर्ध्यात बंद केला. आमचं काही चुकलं का?

चुकलं असं म्हणणार नाही, पण पुन्हा लावा. दुपारी जेवण झाल्यावर नको, सकाळी लावा.

चैतन्य ताम्हाणे यांचा हा सिनेमा व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात 2014 साली गाजला, पुढे त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि ऑस्करसाठी भारतातर्फे गेला. एका लोकशाहिरावर खटला भरतात, की तुझं गाणं ऐकून गटारात उतरणाऱ्या एका कामगारानं जीव दिला. शाहिराचं काम वीरा साथीदारांनी केलंय. ते स्वतः चळवळीतले होते, 2021 मध्ये कोविडनं गेले. कॅमेरा एका जागी ठेवलेला आहे आणि तो हलत नाही. लोकांना कंटाळा येतो तो इथे. पण कोर्टात कधी साक्षीला किंवा तारखेला गेला असाल तर आठवा. तिथे असंच बसावं लागतं. आपलं प्रकरण पुकारेपर्यंत दुसऱ्यांची ऐकायची आणि मग पुढची तारीख घेऊन घरी यायचं.

मेलेल्या कामगाराची बायको साक्ष देते तो प्रसंग मात्र कसंही करून बघा. नवरा कसा कामाला उतरायचा, हे तिला वकील विचारतात. हातमोजे नाहीत, तोंडावर काही नाही. आत झुरळं दिसली की हवा आहे असं तो समजायचा. हे ती बाई अगदी बाजारभाव सांगावा तसं सांगते. आवाज चढत नाही, पदर डोळ्याला लागत नाही. मागे संगीतही नाही.

आणि सरकारी वकीलबाई. गीतांजली कुलकर्णींनी केलेलं हे काम माझ्या मते गेल्या कित्येक वर्षांतलं सगळ्यात मोठं काम आहे. कोर्टात त्या शाहिराला आत टाकायला निघालेली ही बाई लोकलनं घरी जाते, शेजारणीशी तेलाबद्दल बोलते, पाळणाघरातून पोराला घेते, स्वयंपाकाला लागते. तिच्या जागी मी असते, तर मीही दिवसभर असंच करून संध्याकाळी कुकर लावला असता. दुष्ट माणूस दाखवणं सोपं आहे. आपल्यासारखीच दमलेली बाई दाखवायची आणि तिच्या हातून काय होतंय तेही दाखवायचं, याला धाडस लागतं.

'फँड्री' आणि 'सैराट' यांतला थोर कुठला?

'फँड्री'. 'सैराट' मला प्रिय आहे, पण प्रश्न थोर कुठला असा आहे.

नागराज मंजुळे यांनी दोन्ही केले. 'फँड्री' चित्रपटगृहात लागला फेब्रुवारी 2014 मध्ये. फँड्री म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. जब्या हा कैकाडी समाजातला पोरगा शाळेत जातो, वर्गातल्या शालूवर त्याचा जीव आहे, त्याला जीन पँट हवी आहे म्हणून गारेगार विकतो. आणि बाप त्याला डुकरं धरण्यासारख्या कामाला ओढतो, कारण घरात दुसरा हात नाही. किशोर कदमांनी केलेला तो बाप, कचरू माने. आमच्या आईनं हा सिनेमा बघितला तेव्हा ती एकदाही उठली नाही. कचरूचं वाकून चालणं, गावातल्या माणसाशी बोलताना मान किती खाली आणि घरात आल्यावर किती वर, हे ती बारकाईनं बघत होती. मधेच म्हणाली, "ह्या माणसाचं कंबरडं दुखतंय." एवढंच.

जत्रेत जब्याला शालूसमोर नाचायचं असतं. बाप त्याच्या डोक्यावर गॅसबत्ती देतो. सगळं गाव नाचतंय आणि उजेड धरणारा पोरगा त्या उजेडात उभा आहे, हलू शकत नाही. या एका प्रसंगावर मी तासभर बोलू शकते. मिरवणुकीत बत्त्या धरणारी माणसं मी लहानपणापासून बघितली होती. त्यांचं तोंड कसं होतं, हे मला एकाचंही आठवत नव्हतं. सिनेमा बघून आल्यावर या गोष्टीची मला मनापासून लाज वाटली.

शेवटी डुक्कर हाती लागायच्या बेतात असतं, शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं. डुक्कर तेवढं निघून जातं. पुढे तेच डुक्कर बांबूला लटकवून नेताना मागच्या भिंतीवर फुले, आंबेडकर, गाडगेबाबा रंगवलेले दिसतात. कुणी काही बोलत नाही. मग जब्यानं भिरकावलेला तो दगड येतो, सरळ आपल्याकडे.

'सैराट' 2016 चा. त्यात मला गाण्यांपेक्षा हैदराबादचा भाग आवडतो, जो लोकांना लांबलेला वाटतो. ट्रॅक्टर हाकणारी, बुलेट चालवणारी पाटलाची पोरगी झोपडपट्टीत येऊन पडते, संडासाला नाक दाबून जाते, बाटल्यांच्या कारखान्यात कामाला लागते. पळून जाणं गाण्यात संपतं, संसार मात्र रोजच्या पगारावर उभा राहतो, हे एवढ्या सविस्तर कुणी दाखवलं होतं? आणि शेवट. आवाज बंद होतो आणि ते लहान पोरगं चालत बाहेर येतं. चित्रपटगृहात माझ्या शेजारी शिट्ट्या मारणारी कॉलेजची पोरं होती. दिवे लागले तरी त्यातला एकही उठला नाही.

'फँड्री' शाळकरी मुलांना दाखवावा का?

दाखवा. आठवीच्या पुढच्या पोरांना नक्कीच. त्यात शिव्या आहेत म्हणून लोक कचरतात. त्या शिव्या पोरांना येतातच, त्या कुणाला दिल्या जातात ते त्यांना कळू दे. बघून झाल्यावर लगेच प्रश्न विचारू नका, जेवायला वाढा.

जुन्यातलं काय बघावं?

'सामना' आणि 'सिंहासन', दोन्ही जब्बार पटेल यांचे, त्याच क्रमानं. दोन्हीची पटकथा विजय तेंडुलकरांची. 'सामना'त साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील आणि गावात कुठून तरी येऊन पडलेला दारुडा मास्तर, म्हणजे निळू फुले आणि श्रीराम लागू. मास्तर एकच प्रश्न घेऊन बसतो, मारुती कांबळेचं काय झालं? आमच्या भागात साखर कारखाना म्हणजे काय असतं ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. कर्ज, पाणी, नोकरी, पोराचं ॲडमिशन, सगळं एका दारातून जातं. म्हणून गावात तो प्रश्न विचारायला दारुडाच लागतो. बाकीच्यांचा ऊस कारखान्यात जायचा असतो.

मागाच्या खडखडाटानं आण्णांचे कान गेले होते. पन्नाशीनंतर ते टीव्ही बहुतेक चेहऱ्यांवरूनच बघायचे. पण निळूभाऊ पडद्यावर आले की त्यांना सगळं समजायचं. हनुवटी कुठे वळली, डोळा किती मिटला यावरून ते आम्हाला सांगायचे, "आता हा खोटं बोलला." आम्ही संवाद ऐकून जे पकडायचो ते त्यांनी आधीच पकडलेलं असायचं.

'सिंहासन' 1979 चा, अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरचा. इथे तेच निळूभाऊ पत्रकार दिगू टिपणीस झालेत, सगळं बघणारे आणि काही करू न शकणारे. एकाच नटाची ही दोन कामं लागोपाठ बघा, मग अभिनय म्हणजे काय हे कुणाला विचारावं लागणार नाही.

एखाद्या सिनेमाबद्दल तुमचं मत कधी पूर्ण बदललं का?

'उंबरठा'बद्दल बदललं. 1982 चा हा सिनेमा मी पहिल्यांदा बघितला तेव्हा कॉलेजात होते आणि मला स्मिता पाटील यांच्या सुलभाचा राग आला होता. घरी लहान पोर टाकून ही बाई स्त्रियांच्या सुधारगृहात नोकरीला जाते. खाऊनपिऊन सुखी घर आहे, नवरा मारत नाही, मग हिला काय कमी आहे, असं वाटलं होतं.

दुसऱ्यांदा बघितला तेव्हा माझी स्वतःची पोरगी पाच वर्षांची होती आणि मला बढतीवर दुसऱ्या गावी जायचं की नाही हे ठरवायचं होतं. या वेळी माझं लक्ष सुलभाच्या टेबलाकडे गेलं. वह्या, किल्ल्या, हजेरी, समितीच्या मीटिंगा. ती काम करताना जशी दिसते तशी घरात एकदाही दिसत नाही. स्मिताबाईंनी तिला कुठेही गोड केलेलं नाही, आणि म्हणूनच ती मला खरी वाटली. त्या गेल्या तेव्हा एकतीस वर्षांच्या होत्या, हे आठवलं की मला आजही बोलवत नाही.

बढती मी घेतली. आई म्हणाली, "पोरीकडं मी बघते, तू जा."

सगळ्यांना आवडलेला पण तुमचं ज्याच्याशी जमलं नाही असा सिनेमा?

2016 चा 'नटसम्राट'. कुसुमाग्रजांचं मूळ नाटक माझं अत्यंत आवडतं, म्हणून कदाचित माझी अपेक्षा जास्त होती. नाना पाटेकर ताकदीचे नट आहेत याबद्दल दुमत नाही. पण रंगमंचावरची स्वगतं शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची असतात. कॅमेरा नाकासमोर असताना तोच चढा सूर लागला की मी मागे सरकते. विक्रम गोखले यांच्याबरोबरचा दवाखान्यातला प्रसंग मात्र विसरता येत नाही. गोखले तिथे आवाज राखून बोलतात आणि सगळं वजन त्यांच्या बाजूला झुकतं.

मालिका बघता का? की मालिका वाईटच?

मालिका वाईट नसतात, लांबवल्या की वाईट होतात.

'श्रीयुत गंगाधर टिपरे' आठवा. दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी' या पुस्तकावरची, केदार शिंदेंनी दिग्दर्शित केलेली. आठवड्याला एकच भाग यायचा. आबा, शेखर, श्यामला आणि दोन पोरं, एवढंच घर. गॅस संपला, पाहुणे आले, पोराचा निकाल लागला, यावर अख्खा भाग व्हायचा आणि अर्ध्या तासात मिटायचा. कुणी कुणाला विष घालत नव्हतं. त्या घरात खुर्चीवर टॉवेल वाळत असायचा. हल्लीच्या मालिकेतल्या दिवाणखान्यात टॉवेल कुठे वाळतात, मला अजून दिसलेलं नाही.

'आभाळमाया' 1999 मध्ये सुरू झाली आणि सुकन्या कुलकर्णींची सुधा जोशी आमच्या घरातलीच झाली. नवऱ्याचं बाहेर प्रकरण आहे आणि ही बाई कॉलेजात शिकवते, घर चालवते. ती मोडून पडली नाही कारण तिचा पगार चालू होता. हे मी माझ्या भाच्यांना अजून सांगते. तेच बाहेरचं प्रकरण पुढे अनेक मालिकांनी उचललं, पण बाईच्या हातातलं काम तेवढं काढून घेतलं. दिवसभर जरीची साडी नेसून जिन्यात उभी राहणारी बाई मला परकी वाटते. राग नाही, वाईट वाटतं. कारण हे बघणाऱ्या बायका दिवसभर राबून संध्याकाळी तेवढाच वेळ काढतात आणि त्यात त्यांच्या राबण्याचा मागमूस नसतो.

वेळेवर संपलेल्या मालिकांना मी मनापासून मानते. 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' 2012 मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी संपली. लोक हळहळले, पण राधा-घना आजही आठवतात. 'अग्निहोत्र'ही तशीच. नाशिकचा वाडा, कुटुंबाचं जुनं गूढ, आणि शेवटी ते गूढ खरोखर उलगडलं. बघणाऱ्यानं दिलेल्या संध्याकाळी वाया गेल्या नाहीत.

ऐतिहासिक मालिकांबद्दल काय मत?

पोरांना इतिहासाची गोडी लागते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. 'स्वराज्यरक्षक संभाजी' चालू असताना आमच्या गल्लीतली पोरं किल्ल्यांची नावं धडाधड सांगायची. अमोल कोल्हेंनी आधी 2008 च्या मालिकेत शिवाजी महाराज आणि मग संभाजी महाराज केले, दोन्ही जीव ओतून. तक्रार एकच आहे. मावळा लढताना दिसतो, पण पेरणी करताना दिसत नाही. दसऱ्याला मोहिमेवर जाणारा माणूस पावसाळ्यात शेतात होता. तो शेतात दिसला असता तर त्याचं घर सोडून जाणं अंगावर आलं असतं.

हसायला काय बघावं?

'अशी ही बनवाबनवी'. यावर लिहायला माझ्याकडे नवीन काही नाही, संवाद तुम्हाला माझ्याइतकेच पाठ आहेत. एवढंच सांगते की चार तरुणांना पुण्यात राहायला खोली मिळत नाही, ही मुळातली अडचण खरी आहे. म्हणून 1988 चा सिनेमा अजून टिकलाय.

घरात विसरभोळेपणाचा आजार झालेलं माणूस आहे. 'अस्तु' बघावा का? त्रास होईल का?

त्रास होईल, तरी बघा, पण एकट्यानं नको. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा आहे. मोहन आगाशे यात संस्कृतचे विद्वान झालेत, त्यांची स्मृती जात चाललीय. मुलगी गाडीत बसवून क्षणभर जाते आणि ते हत्तीच्या मागे चालू लागतात. माहुताची बायको चन्नम्मा त्यांना सांभाळते. अमृता सुभाष यांना याच कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चन्नम्मा कानडी बोलते, तिला त्यांची विद्वत्ता कळत नाही, कळायची गरजही वाटत नाही. एक म्हातारं लेकरू आलंय, त्याला भरवायचं, एवढं तिला कळतं.

आण्णांच्या शेवटच्या वर्षात मी त्यांना रोज विचारायचे, "मी कोण, सांगा?" हा सिनेमा बघितल्यावर तो प्रश्न विचारायचा बंद केला. त्यांच्यापुढे बसून नुसती पेज भरवू लागले. जेवण नीट जाऊ लागलं.

मोबाईलवर बघितलं तर चालतं का?

टिपरे चालतील. 'कोर्ट' आणि 'फँड्री' नाही. 'कोर्ट'मध्ये मागच्या बाकावर कोण काय करतंय ते महत्त्वाचं आहे आणि ते तळहाताएवढ्या पडद्यावर दिसत नाही.

अलीकडे काय आवडलं?

'स्थळ'. जयंत सोमलकर यांचा, आपल्याकडे मार्च 2025 मध्ये लागला. विदर्भातलं खेडं, शिकणारी मुलगी सविता, आणि बघायला येणारे एकामागून एक पाहुणे. पुन्हा पुन्हा तेच पोहे, तेच पाट, तीच नाव-गाव-उंचीची विचारणा. एकदा बघण्याचा कार्यक्रम दाखवला असता तर हसून सोडून दिला असता. तोच पुन्हा दाखवला की घशाशी येतं. ज्या मुलींना पंधरा-पंधरा वेळा असं बसावं लागलंय त्यांचं काय होत असेल, ते तेव्हा समजतं.

सविताचा बाप कापूस पिकवतो. भाव नाही, म्हणजे लग्नाला पैसा नाही. कापूस घरात दिसला आणि मी सावरून बसले. आमच्याकडे त्याच कापसाचं सूत येतं. सूत महाग झालं की माग बंद, स्वस्त झालं की पाळ्या चालू, एवढाच हिशोब आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्या भावाच्या दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी लेकीचं लग्न अडलेलं असतं, हे इचलकरंजीत आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

आईनं अजून बघितलेला नाही. दिवाळीत भाऊ येईल तेव्हा मोठ्या टीव्हीवर लावणार आहे.